लष्करी गुप्तवार्ता ते आंतरराष्ट्रीय सुरक्षा सल्लागार: ही खरंच नोकरी असते का?

आगरवाट

मंडळी, कुठल्या सदरात टाकावं कळेना म्हणून इथेच धागा काढतोय.

आम्ही दापोली तालुक्यातले. चिरंजीव बारावी सायन्सला. परवापर्यंत इंजिनिअरिंग ठरलेलं होतं. मग वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एक निवृत्त कर्नल येऊन गेले. लष्करात गुप्तवार्तेचं काम, मुदतीआधी निवृत्ती, पुढे संयुक्त राष्ट्रांत आणि परदेशी संस्थांत सुरक्षा सल्लागार. बोलले झकास, पण दीड-दोन तासांत स्वतः नेमकं काय करायचे ते काही सांगितलं नाही. पोरगा नेमका त्यावरच लट्टू! आता जेवतानाही दाराकडे तोंड करून बसतो.

माझे प्रश्न साधे आहेत. हा माणूस सकाळी कामावर जाऊन करतो काय? तिथे पोचायचा रस्ता कोणता? आणि घरसंसार होतो का यात? मेव्हणे पोलीस खात्यातून निवृत्त झालेत, त्यांच्या मते हा "टाय लावलेला वॉचमन". जाणकारांनी सांगावं.

तिरफळ

बाबानूं, आमच्या गावात सगळेच गुप्तवार्तेत आसत. कोणाच्या घराक सकाळी पाव्हणो इलो की दुपारी माका बाजारात कळता, तो कित्याक इलो ता पण. पगार मात्र कोण देणा नाय.

धाग्यावर नजर ठेवून आहे. गुप्तपणे.

शंकासुर

मेव्हण्यांशी बऱ्यापैकी सहमत.

२६/११ नंतर मुंबईतल्या प्रत्येक मोठ्या हॉटेलाला, मॉलला, कारखान्याला एक निवृत्त मेजर हवा झाला. कार्डावर "सिक्युरिटी ॲडव्हायझर". त्यातलेच काही संध्याकाळी च्यानेलवर बसून युद्ध जिंकतात. माणसं वाईट असतात असं नाही, पण "मी पूर्वी काय करायचो ते सांगू शकत नाही" या वाक्यावर बाजारात फार मोठा भाव मिळतो. न सांगितलेला अनुभव तपासायचा कसा?

आगरवाट, मुलाला एवढंच विचारा: तुला काम आवडलंय की गूढपणा? गूढपणाच हवा असेल तर तलाठी कार्यालय जवळ आहे.

इतिहासाचा_नाद

आपल्याकडे ही परंपरा बहिर्जी नाईकांपासून आहे हे विसरू नका!! यावर सविस्तर लिहितो.

शेवटची_परेड

लष्करात होतो, पायदळात. त्यातली काही वर्षं बटालियनचा आयओ, म्हणजे इंटेलिजन्स ऑफिसर, पुढे ब्रिगेडच्या मुख्यालयात तेच काम. निवृत्तीनंतर परदेशात दोन नेमणुका झाल्या. संस्थांची नावं सांगणार नाही, शंकासुरांनी हवं तर त्याचे मार्क कापावेत.

आधी सैन्यातलं सांगतो. लोकांना वाटतं हे हेरगिरीचं काम आहे. बहुतेक वेळ जातो वाचण्यात आणि फोनवर. गस्त काय बघून आली, गुराख्याने काय सांगितलं, वायरलेसवर काय पकडलं, शेजारच्या बटालियनच्या हद्दीत काल काय झालं. हे सगळं एकत्र मांडून संध्याकाळी सीओंसमोर, म्हणजे बटालियनच्या प्रमुखांसमोर, उभं राहायचं. काल काय झालं हे त्यांना माहीत असतं. त्यांना उद्याचं हवं असतं, तेही दोन मिनिटांत.

यात एक शिस्त शिकवतात, तीच पुढे जन्मभर पुरते. आलेल्या प्रत्येक बातमीला दोन वेगळे शेरे द्यायचे. सांगणारा किती भरवशाचा, यासाठी ए ते एफ. बातमी स्वतः किती खरी वाटते, यासाठी १ ते ६. हे दोन शेरे एकमेकांत मिसळायचे नाहीत. भरवशाचा माणूस चुकीची बातमी आणू शकतो, आणि अट्टल खोटारडाही एखादे दिवशी खरं बोलून जातो. ऐकायला सोपं वाटतं. पहाटे तीनला, तुमचा लाडका खबऱ्या समोर बसलेला असताना, त्याच्या बातमीवर ५ लिहून बघा.

इंटेलिजन्स कोअर ही वेगळी शाखा आहे आणि तिचं प्रशिक्षण केंद्र आपल्या पुण्यातच आहे. पण बाहेर सल्लागार म्हणून जाणारे सगळे त्या कोअरचे नसतात, पायदळातले आयओ पुष्कळ असतात.

आता दुसरा भाग. संयुक्त राष्ट्रांत सुरक्षा सल्लागार ही जमात आधीपासून होती, पण तिला आजचं रूप आलं ते बगदादमुळे. १९ ऑगस्ट २००३ रोजी तिथल्या कॅनाल हॉटेलातल्या यूएनच्या कचेरीवर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळवला. २२ जण गेले, त्यात खुद्द विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा डी मेलो. चौकशीत यूएनच्याच सुरक्षाव्यवस्थेवर कडक ताशेरे आले, आणि २००५ मध्ये सुरक्षेचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, यूएनडीएसएस.

सकाळी काय करतो? रात्रीचे अहवाल वाचतो. आज कोणत्या रस्त्याने कोणती गाडी जाणार ते बघतो. ड्रायव्हर, पोलीस ठाणं, टोळीप्रमुखाचा माणूस, शेजारच्या संस्थेतला आपल्यासारखाच कुणी, या सगळ्यांशी बोलतो. कर्मचाऱ्यांची राहती घरं तपासतो: भिंत, जाळी, मागचं दार, जनरेटर कुठे आहे. वायरलेस लागतो का ते रोज बघतो. बाहेर पडण्याचा आराखडा लिहितो आणि तो जुना झाला म्हणून पुन्हा लिहितो. धोक्याची पातळी ठरवायची पद्धत आहे, १ ते ६. १ म्हणजे नगण्य, ६ म्हणजे पराकोटीची.

आणि निर्णय त्याचा नसतो. त्या देशात यूएनच्या वतीने सुरक्षेसाठी नेमलेला एक वरिष्ठ अधिकारी असतो, जबाबदारी त्याची. सल्लागाराने सांगायचं, त्याने ठरवायचं. वीस वर्षं हुकूम देऊन आलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. हाताखाली ना बटालियन, ना जीप, ना "जी साब". कर्नलसाहेबांपैकी काहीजण इथेच आपटतात.

मेव्हण्यांना सांगा, गार्डने दारात कुठे उभं राहावं हे ठरवणं कामाचा भाग आहेच. त्यात कमीपणा कसला?

तिरफळ

म्हणजे आमच्या सलूनवाल्याची बातमी एफ-६.

शेवटची_परेड

@तिरफळ, नाही. एफ-६ म्हणजे वाईट नव्हे, "सांगता येत नाही". माणूस नवा आहे आणि बातमी पडताळायला काहीच हातात नाही. शिवी द्यायची असेल तर ई-५ द्या: माणूसही बेभरवशाचा आणि बातमीही अशक्यप्राय.

तिरफळ

ई-५ फायनल. उद्या केस कापताना सांगतंय तेका.

इतिहासाचा_नाद

सविस्तर प्रतिसाद टंकला होता, तो उडाला की उडवला ते प्रशासकच जाणोत. असो, वेगळा मुद्दा. "सल्लागार" हा प्रकार नवीन नाही. मेजर जनरल इंदरजित रिख्ये हे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड आणि नंतर ऊ थांट यांचे लष्करी सल्लागार होते, काँगोच्या धामधुमीच्या काळात. पुढे १९७० मध्ये न्यूयॉर्कला शांतता अकादमी उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता.

आणि कोकणी वाचकांसाठी: १९९२-९३ मध्ये युगोस्लाव्हियात यूएनच्या फौजेचे पहिले प्रमुख लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. आपल्याकडच्या कितीतरी घरांत त्या रेजिमेंटची पेन्शन येते. पुढे २००३ मध्ये सरचिटणिसांनी जगापुढच्या धोक्यांवर विचार करायला १६ जणांचं मंडळ नेमलं, त्यातही ते होते.

प्रशासक

"बहिर्जी नाईक कोणत्या समाजाचे" या विषयावरचे प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. त्यासाठी या संस्थळावर वेगळे धागे आहेत. भरपूर आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

दर्यावर्दी

रत्नागिरीकडचा, मर्चंट नेव्हीत चीफ ऑफिसर. सध्या सुट्टीवर, आंब्याची खोकी भरतोय. या सल्लागारांचं एक जहाजी रूप आहे, त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

सोमाली चाचेगिरी जोरात होती तेव्हा एडनच्या आखातातून जाण्याआधी कंपनीकडून पत्रक यायचं: कुठे हल्ला झाला, कुठे संशयित होडी दिसली, कोणत्या पट्ट्यात वेग किती ठेवायचा. ते लिहिणारा माणूस बहुधा कुठल्यातरी देशाचा निवृत्त गुप्तवार्ता अधिकारी. कठड्याला काटेरी तार, डेकवर पाण्याच्या तोफा, आणि अगदीच वर चढले तर सगळ्यांनी आत कोंडून घ्यायची खोली, सिटाडेल. पुढे जहाजावर बंदूकधारी गार्ड आले. पत्रक चांगलं असलं की झोप लागायची. वाईट पत्रक म्हणजे जगातली प्रत्येक होडी संशयित. वाचून वाचून माणूस पुढे वाचायचंच सोडतो.

पण खरी गंमत, म्हणजे गंमत नव्हेच, नकाशातली. विमा कंपन्या आणि जहाज उद्योगाने मिळून "अति धोक्याचं क्षेत्र" ठरवलं होतं. चाचे आत आत शिरायला लागले तशी त्याची पूर्वेकडची हद्द ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत ओढली. आता नकाशा काढून बघा. रत्नागिरी ७३ अंशांवर. म्हणजे जयगड, हर्णै, मालवण, गोवा, मंगळूर, कोची, आपला अख्खा किनारा धोक्याच्या क्षेत्रात! आणि आपला मच्छीमार काय करतो? जाळं टाकलेलं असताना मोठं जहाज त्यावरून जाईलसं वाटलं तर होडी घेऊन जहाजाकडे सुसाट जातो, हात करतो, ओरडतो. हर्णैच्या कुणालाही विचारा. वर उभ्या असलेल्या गार्डला, ज्याने आयुष्यात कोकण पाहिलेलं नाही, त्याला काय दिसतं? छोटी वेगवान होडी, आत पाचसहा जण, सरळ अंगावर येतायत.

१५ फेब्रुवारी २०१२ला केरळजवळ एन्रिका लेक्सी या इटालियन जहाजावरच्या नौसैनिकांनी गोळ्या घातल्या आणि दोन मच्छीमार मेले. खटला आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला, २०२१ मध्ये दहा कोटींची भरपाई जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने इथलं प्रकरण मिटवलं. आणि ती रेघ? भारताने बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर १ डिसेंबर २०१५ पासून ६५ अंशांवर मागे नेली. २०२३च्या सुरुवातीला ते क्षेत्रच रद्द झालं. वर्ष संपायच्या आत तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजं धरायला सुरुवात केली, हा भाग निराळा.

आगरवाट, तुमचा मुलगा सल्लागार होईल तेव्हा होवो. त्याला इतकंच ठाऊक असू दे की टेबलावर ओढलेल्या रेघेच्या आत माणसं मासे पकडत असतात. हर्णैच्या मासळी लिलावात उभा राहिलेला पोरगा ती रेघ जरा जपून ओढेल असं मला वाटतं.

आणखी एक. खासगी सागरी सुरक्षेत पैसा दिसतो म्हणून कुणी उडी मारू नये. २०१३च्या ऑक्टोबरात सीमन गार्ड ओहायो नावाचं जहाज तमिळनाडूजवळ तटरक्षक दलाने पकडलं. वर शस्त्रं आणि माजी सैनिक गार्ड. परवान्याच्या मुद्द्यावर २०१६ मध्ये पाच वर्षांची शिक्षा, २०१७च्या शेवटी उच्च न्यायालयात सगळे निर्दोष. निर्दोष खरे, पण मधली वर्षं कोण परत देणार?

खाडीकाठ

दर्यावर्दी, प्रतिसाद काय लिहिलायत! वाचनखूण साठवली. आमचे चुलते तेव्हा रात्री जहाज दिसलं की बत्ती हलवायचे, "गोळी घालू नको रे बाबा" म्हणून. आम्ही हसायचो.

तिरफळ

अवांतर: ऑगस्ट २०२२, हरिहरेश्वर. बेवारशी बोट, आत एके-४७. दहीहंडीच्या तोंडावर. आठवतंय का? आमच्या ग्रुपवर तासाभरात चाळीस अतिरेकी उतरून म्हसळ्यापर्यंत पोचलेले. एकाने तर त्यांना वडापाव खाताना पाहिलेलं.

दर्यावर्दी

लेडी हान. ओमानजवळ इंजिन बिघडल्यावर खलाशांना दुसऱ्या जहाजाने वाचवलं आणि रिकामी नाव पावसाळी समुद्रात भरकटत इकडे लागली. मालकीण ऑस्ट्रेलियन बाई. दहशतवादाचा संबंध दिसत नाही असं गृहमंत्र्यांनी त्याच दिवशी विधानसभेत सांगितलं. रायफलींचा संबंध सागरी सुरक्षेच्या धंद्याशी असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. म्हणजे बघा, आपल्या धाग्याचाच विषय वाहत वाहत हरिहरेश्वरला लागला!

शंकासुर

हसा, पण त्याच किनाऱ्यावर १९९३ मध्ये शेखाडीला आरडीएक्स उतरलं होतं. ते वेड्यागबाळ्या अफवांमुळे नव्हे, तर कस्टम आणि पोलिसांतल्या काहींनी पैसे घेऊन डोळे मिटल्यामुळे. पुढे कोर्टात शिक्षा झाल्या त्यांना. सगळ्या ए ते एफ आणि १ ते ६ नंतर बातमी ज्याच्या हातात जाते तोच विकला गेला तर काय?

शेवटची_परेड

@शंकासुर, त्याला उत्तर नाही. म्हणून एकाच ठिकाणाहून आलेल्या बातमीवर कधी विसंबू नये म्हणतात. आता सागरी पोलीस ठाणी झाली, सागर कवच कवायत होते, किनाऱ्यावर संशयास्पद काही दिसलं तर कळवायला १०९३ नंबर आहे, गावोगाव सागर सुरक्षा दलाची पोरं आहेत. यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते शेवटचं.

वशिष्ठीकाठ

नमस्कार. मी चिपळूणची, पेशाने नर्स. काही वर्षं दक्षिण सुदानमध्ये एका वैद्यकीय संस्थेत होते, म्हणजे या सल्लागार मंडळींचा "ग्राहक". दोन प्रकारचे पाहिले.

पहिले होते एका युरोपीय देशाचे माजी गुप्तवार्ता अधिकारी. दर सोमवारी नकाशावर लाल ठिपके दाखवायचे. कुठेही जायचं म्हटलं की नाही. लसीकरणाला नाही, बाजारात नाही, चर्चला नाही. दोन महिन्यांत आम्ही त्यांना सांगेनासेच झालो. गुपचूप जायचो. आम्ही कुठे आहोत हे सुरक्षा अधिकाऱ्यालाच माहीत नाही, याहून असुरक्षित काय असणार?

त्यांच्यानंतर आले ते नेपाळी सैन्यातले. सकाळी आमच्या ड्रायव्हरांबरोबर चहा प्यायला बसायचे, नुसते बसायचे. मोडकीतोडकी अरबी. आठवड्याभरात कुठल्या चौकीवर पगार थकलाय (म्हणजे तिथले शिपाई दुपारनंतर पिऊन आडवणार), कुठल्या गावात लग्न आहे (म्हणजे हवेत गोळीबार होणार, घाबरायचं नाही), सगळं त्यांना ठाऊक. ते नाही म्हणायचेच नाहीत फारसे. म्हणायचे, "जा, पण दहाच्या आत परत निघ, येताना पुलाकडून येऊ नकोस." एकदा मात्र ठाम नाही म्हणाले. आमच्या प्रमुखबाईंनी ऐकलं नाही, गाडी गेली.

काय झालं? काही झालं नाही. गाडी संध्याकाळी परत आली. ते काहीच बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी चहाला बसले.

राजधानी जुबात जुलै २०१६ मध्ये टेरेन हॉटेलच्या आवारात मदतकार्यातल्या लोकांवर सैनिकांनी जे अत्याचार केले, आणि जवळच असलेली यूएनची फौज आली नाही, त्याबद्दल आमच्यात नेहमी बोललं जायचं. त्यामुळे कागदावरच्या आराखड्यावर माझा भरवसा बेताचाच. पण एक सवय त्या नेपाळी साहेबांनी लावली: रन बॅग. पासपोर्ट, औषधं, रोख, टॉर्च, चार्जर, सुकं खाणं, दाराजवळ तयार. २२ जुलै २०२१ला वशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आमच्या आळीत कागदपत्रं कोरडी राहिलेलं घर आमचंच. सासूबाई आधी त्या पिशवीला "सुदानचं खूळ" म्हणायच्या.

आगरवाट

वशिष्ठीकाठ ताई, हे घरी मोठ्याने वाचून दाखवलं. पिशवी आजच भरली. मुलाने त्यात आधी दुर्बीण टाकली.

शंकासुर

ताई, सुंदर लिहिलंय. पण माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. ठाम "नाही" सांगितलं, गाडी गेली, काही झालं नाही. मग सल्ला बरोबर होता की चूक? डॉक्टर चुकला तर रोगी सांगतो, निदान नातेवाईक तरी. पूल बांधणारा चुकला तर पूल पडतो. ज्या धंद्यात यश म्हणजे "काहीच न घडणं" आणि ते सल्ल्याशिवायही घडतंच, तिथे शहाणा आणि पोपट ओळखायचा कसा? मी टिंगल करत नाहीये, खरंच विचारतोय.

शेवटची_परेड

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर नाही. अर्धं देतो.

एका घटनेवरून कळत नाही. पण सहा महिने बघितलं तर कळतं. ताईंच्या पहिल्या साहेबांकडे बघा: लोक सांगेनासे झाले. त्यांची परीक्षा तिथेच झाली, स्फोटाची वाट बघायला नको. सल्लागाराला लोक आपणहून येऊन सांगतात का, ड्रायव्हर त्याच्याशी खरं बोलतात का, काल दिलेला अंदाज चुकला तर तो आज तसं लिहून देतो का, यावरून कळतं. आणि काम चालू राहिलं का? बगदादनंतर यूएनवाले भिंती उंच करून आत बसले. मग लोकांपर्यंत पोचायचं कुणी, यावर बरीच टीका झाली. आता धोरणच असं आहे की "कधी निघायचं" यापेक्षा "राहायचं कसं" हे सल्लागाराने सांगायचं. ते अवघड आहे. नाही म्हणायला अक्कल लागत नाही, हो म्हणून त्याच्या अटी लिहायला लागते.

त्या दिवशी ठाम नाही म्हणणं बरोबर होतं का, हे मलाही सांगता येणार नाही. एफ-६.

शंकासुर

अर्धं उत्तर मान्य. उरलेलं अर्धं घेतल्याशिवाय सोडणार नाही.

बदलीवाली

इतके पुरुष बोलले, "घरसंसार होतो का" या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहिते. आमचे "हे" लष्करातून मुदतीआधी निवृत्त होऊन याच क्षेत्रात गेले.

लष्करात असताना बदल्या होत्या, पण मागे एक अख्खी छावणी असते. नळ बिघडला तर फोन करायला नंबर असतो. बाहेरच्या नोकरीत अवघड ठिकाणी कुटुंब नेता येत नाही. दर सहा-आठ आठवड्यांनी थोडे दिवस सुट्टी, त्यातले पहिले दोन दिवस माणूस झोपतो, तिसऱ्या दिवशी मुलांना ओरडतो, मग विमानतळ. पैसा चांगला, नाही म्हणत नाही. लष्कराची पेन्शन वीस वर्षं पुरी केल्यामुळे चालूच असते, त्यामुळे नोकरीचं कंत्राट संपलं तरी घर अडत नाही. ज्यांनी वीसच्या आत सोडलं त्यांचं गणित वेगळं.

गावी सासरे अजून सांगतात, "तो यूएनात कारकून आहे." ह्यांनीच तसं सांगून ठेवलंय.

कर्नल वैभव काळेंचं नाव या धाग्यावर अजून कुणी घेतलं नाही. पुण्याचे. जम्मू-काश्मीर रायफल्समध्ये होते, २०२२ मध्ये मुदतीआधी निवृत्त झाले आणि यूएनच्या सुरक्षा विभागात रुजू होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. १३ मे २०२४ला गाझात, यूएनच्या खुणा असलेल्या गाडीतून रुग्णालयाकडे जाताना मारले गेले. गाझाच्या या युद्धात यूएनचा मारला गेलेला पहिला आंतरराष्ट्रीय कर्मचारी. वय ४६. ती बातमी आली त्या संध्याकाळी माझ्या मोबाइलवर जेवढे फोन आले तेवढे सैन्यातल्या सगळ्या वर्षांत आले नसतील. ह्यांचा देश वेगळा होता, पण फोन करणाऱ्यांना कुठे माहीत!

हे मुलाला घाबरवायला लिहिलेलं नाही. पण व्याख्यानात हा भाग आला नसेल, म्हणून.

खाडीकाठ

_/\_

इतिहासाचा_नाद

जनरल थिमय्याही सायप्रसला यूएनच्या फौजेचे प्रमुख असतानाच गेले, डिसेंबर १९६५. हृदयविकाराने. तिथे त्यांच्या नावाने रस्ता आहे म्हणतात.

आगरवाट

सगळ्यांचे आभार. बदलीवाली ताईंचा प्रतिसाद हिने दोनदा वाचला. मी मुलाला वाचायला दिला, तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण बाबा, ते नेपाळी साहेब भारी होते." म्हणजे दुर्बीण खाली आली आणि चहा वर आला, ही प्रगती समजायची का?

त्याचे प्रश्न, त्याच्याच क्रमाने: थेट गुप्तवार्तेत भरती होता येतं का? गणित बेताचं आहे, चालेल का? फ्रेंच शिकू का? आणि सैन्यात निवड झालीच नाही तर पुढे काय?

शेवटची_परेड

थेट परीक्षा नाही. आधी अधिकारी व्हायचं. बारावीतूनच जायचं तर एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी; यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते, वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी ९०० गुण, त्यातले ३०० गणिताचे, आणि एसएसबीचे, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळापुढच्या मुलाखतीचे, ९००. लष्करासाठी बारावीचा विषय कोणताही चालतो, पण पेपर गणिताचा असतोच, तेव्हा "बेताचं" चालणार नाही, वर्षभर घासावं लागेल. खडकवासल्याला तीन वर्षं, मग डेहराडूनला एक. नाही जमलं तर पदवीनंतर सीडीएस ही परीक्षा. शाखा मिळते ती पसंती, गुणक्रम आणि जागा बघून. इंटेलिजन्स कोअरच्या जागा थोड्या. पायदळ मिळालं तर रडू नये, आयओची खुर्ची तिथेही आहे.

एसएसबीत पाच दिवस बघतात. तिथे "मला गुप्तहेर व्हायचंय" म्हणू नये, हसतात.

भाषा: फ्रेंच जरूर शिकावी, यूएनच्या सचिवालयाचं काम इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतं, आफ्रिकेत तर रोजची गरज. सैन्यातही भाषा शिकायची सोय असते, पचमढीला. पण त्याआधी इंग्रजीत एक पान नीट लिहायला शिकव म्हणावं. पंधरा पानी अहवाल कुणीही लिहितो.

यूएनमध्ये मधल्या फळीच्या पी-३ पदाला पाच वर्षांचा अनुभव लागतो, पी-४ ला सात, पी-५ ला दहा. पोलीस अधिकारीही येतात. मदतकार्याच्या संस्थांत तर लॉजिस्टिक्स बघणारे, स्थानिक भाषा जाणणारे नागरिकही सुरक्षेचं काम शिकून पुढे जातात. म्हणजे निवड नाही झाली तर दार बंद होत नाही, उशिरा उघडतं.

आणि निवृत्तीनंतर पहिल्या वर्षात खासगी नोकरी घ्यायची तर सरकारची परवानगी लागते. जे पाहिलं ते सांगायची मोकळीक कधीच मिळत नाही, १९२३चा गोपनीयता कायदा पेन्शनीतही सुटत नाही. रॉमध्ये काम केलेल्या एका निवृत्त मेजर जनरलांवर २००७ मध्ये पुस्तक लिहिल्यावरून गुन्हा दाखल झाला होता. तुमच्या वाचनालयातले कर्नल दीड-दोन तास काही सांगत नव्हते, ते ऐट म्हणून असेलही, पण नसेलही.

शंकासुर

ठीक. माझा आरोप बी-३ वर आणतो. "संभवतः खरं."

आगरवाट, पोराला हर्णैला न्या. दर्यावर्दींचं ऐका. लिलाव चालू असताना कोण कोणाला काय सांगतंय आणि काय लपवतंय हे तासभर बघू दे. फी शून्य.

तिरफळ

आणि येताना सुरमई. मोबदलो माका पाठवा.

पाखाडी

उशिरा वाचला धागा. माझी मुलगी दहावीला आहे, गुहागर तालुक्यात. तिलाही सैन्याचं वेड आहे. मुलींसाठी एसपीआयसारखं (सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था) काही आहे का? की तो फक्त मुलांसाठी?

बदलीवाली

@पाखाडी, आहे. संभाजीनगरची एसपीआय १९७७ पासूनची, ती मुलांची. मुलींसाठी नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली, राज्य सरकारचीच. दहावीनंतर निवड, दोन वर्षं अकरावी-बारावी आणि सोबत एनडीएची तयारी. एनडीएत मुली २०२२ पासून आहेत, पहिली १७ जणींची तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. धावण्याचा सराव आत्तापासून ठेवा. चष्मा आहे का तिला?

पाखाडी

नाही. पोहते उत्तम, धावायचा कंटाळा आहे. जाहिरात कधी येते?

बदलीवाली

गेल्या खेपेची जाहिरात व्यनि (खासगी निरोप) केली आहे. तारखा त्यांच्या संकेतस्थळावर बघा, दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात. आणि कंटाळ्याचं म्हणाल तर समुद्राच्या वाळूत धावायला लावा, नंतर मैदान सोपं जातं.